उक्त्यातली शिडी

पाऊस उघडला की कोल्हापुरात शिड्या बाहेर निघतात. दसरा-दिवाळीच्या आत घराला रंग हवा असतो, दुकानाची पाटी बदलायची असते, कारखान्याच्या शेडमधले महिनोन्‌महिने बंद असलेले दिवे खांडेनवमीच्या पूजेआधी लागावेत असं मालकाच्या मनात येतं. पुढच्या संवादातले मामा रंगकामाचे आणि किरकोळ वायरिंगचे ठेकेदार. भाची एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची पदविका करून शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुरक्षा अधिकारी झालेली. ही दोघं मी ओळखीच्या बऱ्याच माणसांतून जुळवून उभी केली आहेत, म्हणून त्यांना नावं नाहीत. मामा म्हणजे अनुभव आणि भाची म्हणजे पुस्तक, अशी वाटणी करून वाचायला बसलात तर लवकरच अडाल, एवढं सांगून ठेवतो.

मामा : तुमच्या गेटवरचा बोर्ड बघितला. ‘शिडीवर चढताना काळजी घ्या.’ आता मला सांग, काळजी न घेता कोण चढतंय? पडायची हौस कुणाला असती?

भाची : तो बोर्ड मलाही पटत नाही, मामा. ४ मार्चचा सुरक्षा दिन आला की छापील मजकूर येतो आणि आम्ही टांगतो. पण तुम्ही तुमच्या पोरांना काय सांगता?

मामा : मी सांगत नाही, करून दाखवतो. शिडी लावली की पायाची बोटं तिच्या पायाला टेकवायची, ताठ उभं राहायचं, हात समोर सरळ. तळवे दांड्यावर नीट बसले तर शिडी बरोबर. पुढं वाकावं लागलं तर शिडी फार तिरपी झाली, कोपर दुमडलं तर फार उभी. उस्तादांनी शिकवलंय.

भाची : आमच्या पुस्तकात त्याला ७५ अंश म्हणतात. ४ फूट उंचीला १ फूट पाया. १२ फुटांवर टेकवायची तर पाया भिंतीपासून ३ फूट.

मामा : चारास एक. मग तुझ्या पदविकेची फी माझ्या उस्तादांना द्यायला पायजे होती की.

भाची : देऊ. पण परवा राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये तुमची शिडी चारास एक नव्हती. मी डोळ्यांनी बघितलं.

मामा : तिथं कशी असंल? छत १० फुटांवर, शिडी १२ फुटी. उभी राहीलच कशी?

भाची : म्हणून पाया साडेसहा फूट बाहेर ओढला होता. खाली नवी गुळगुळीत टाइल, आणि तिच्यावर पुट्टी घासल्याची भुकटी. कॅरम बोर्डावर शिडी लावल्यासारखं.

मामा : खालच्या दांड्यावर दोन उड्या मारून बघितल्या मी. जरासुद्धा सरकली नाही.

भाची : खालच्या दांड्यावर ती सरकणारच नाही, मामा. सरकते ती तुम्ही वर पोचल्यावर.

इथे भाचीने एका जुन्या कोटेशनच्या पाठीवर आकृती काढली. ती शब्दांत मांडतो, कारण शिडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज याच जागी आहे. टेकलेली शिडी भिंतीला ढकलते, भिंत तिला तेवढ्याच जोराने परत ढकलते आणि हा रेटा पायाशी येऊन शिडीला बाहेर सरकवू बघतो. त्याला अडवणारं घर्षण फक्त पाया आणि जमीन यांच्यातलं. रेटा किती असेल हे माणूस किती वर चढलाय त्यावर ठरतं. चारास एक लावलेल्या शिडीच्या टोकाशी ७० किलोंचा माणूस पोचला की पायाशी साधारण १८ किलोंचा आडवा रेटा येतो. १० फुटी छताखाली तिरपी केलेल्या त्या १२ फुटी शिडीवर तोच माणूस टोकाशी गेला तर रेटा ४६ किलोंच्या आसपास जातो. आणि मामा पहिल्या दांड्यावर उड्या मारत होते तेव्हा? जेमतेम ४ किलो, उडीचे फार तर आणखी थोडे. यात शिडीचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. उड्या मारून शिडीचे पाय जमिनीवर नीट बसतात, त्याला अर्थ आहेच. पण सरकण्याबद्दल ती चाचणी काहीही सांगत नाही. इतकी वर्षं शिडी सरकली नाही हा मामांचा पुरावाही असाच आहे. ती न सरकण्याला कधी खडबडीत शहाबादी फरशी कारणीभूत होती, कधी कोबा. नव्या टाइलांनी मामांना कळवलं नाही की हिशेब बदललाय.

मामा : बरं, म्हणूनच मी खाली एक पोरगा धरायला ठेवतो.

भाची : तो काय करत असतो?

मामा : धरतो.

भाची : एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाइल. आणि मोबाइल नसला तरी ४६ किलो अचानक सुटले तर कोण अडवणार? वरून पकड निसटली तर त्याच्याच डोक्यात. खाली माणूस धरायला ठेवणं हा काहीच शक्य नसेल तेव्हाचा उपाय आहे. बाहेरच्या भिंतीला काम असेल तर शिडी वरच्या बाजूला खिडकीच्या ग्रिलला, खांबाला, कशाला तरी काथ्यानं आवळून बांधा. बांधलेली शिडी ना पायाशी सुटते ना बाजूला कलंडते.

मामा : आणि बांधायला वर कोण जाणार? न बांधलेल्या शिडीवरनंच ना?

भाची : हो. त्या एका खेपेपुरता खाली माणूस. नंतर त्याला दुसरं काम द्या.

मामा : हे बरं आहे. पन्हळीला बांधू का?

भाची : पन्हळीला टेकवूसुद्धा नका. प्लास्टिकच्या पन्हळी झाल्यात सगळीकडे, दाबानं वाकतात. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर मीटरभर जाऊ दे, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही राहतं. सगळ्यात वाईट क्षण तो असतो, शिडी सोडून पाय दुसरीकडे टाकण्याचा.

मामा : सिमेंटच्या पत्र्यावर टाकला तर अजून वाईट. तुमच्या एमआयडीसीत पत्र्यातनं आरपार खाली गेलेली माणसं मला माहीत आहेत. बोल्टच्या रांगेवरनं चाला म्हणतात, त्याच्यावर विश्वास ठेवून गेलेली.

भाची : आणि ही लाल शिडी?

मामा : तिचं काय? लाकडी आहे, मजबूत. दर दिवाळीला ऑइलपेंटचा एक हात मारतो. रंगाऱ्याची शिडी कळकट असली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?

भाची : लाकडी शिडीला रंग मारायचा नसतो, मामा. चीर रंगाखाली झाकली जाते. जवसाचं तेल किंवा पारदर्शक व्हार्निश, म्हणजे लाकूड दिसत राहतं.

मामा काही बोलले नाहीत. मला मात्र हे ऐकून हसू आलं. आयुष्यभर ज्याने लोकांच्या भिंतींच्या चिरा बुजवल्या, त्याला नेमकी एकच वस्तू रंगवायची नाही असं सांगायचं! पण मुद्दा पक्का आहे. बांबूच्या शिडीचं तरी बरं. किडा लागला की खाली पिवळी भुकटी पडते, बांबू स्वतःच तक्रार करतो.

मामा : मग ती ॲल्युमिनियमची घेतलीय ना. हलकी, सरकवून लांब होणारी. एक पोरगा खांद्यावर उभी धरून घेऊन जातो.

भाची : उभी? शिवाजी पेठेतल्या बोळातनं? सज्ज्यापासून हातभर अंतरावर तारा असतात तिथं?

मामा : बघून नेतो.

भाची : बघतो तो खाली, पायाकडे. शिडीचं टोक त्याच्या डोक्यापेक्षा १०-१२ फूट वर असतं. ११ हजार व्होल्टच्या तारेला टेकायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. तुम्ही वायरिंगचं काम घेता आणि ॲल्युमिनियमची शिडी वापरता, हे मला झोप येऊ देत नाही. फायबरची पिवळी शिडी घ्या. लाकूड, बांबू चालतं, पण कोरडं असेल तरच. आणि कुठलीही असो, मिटवून, आडवी, दोघांनी न्यायची.

मामा : एका शिडीला दोन माणसं.

भाची : हो.

मामा : बरं. ही गोष्ट मानली. विजेशी मी वाद घालत नाही.

इथपर्यंतचं बोलणं कुठल्याही प्रशिक्षणात होतं तसंच आहे, आणि खरं सांगायचं तर मामांना यातलं बरंचसं माहीत होतं. पुढे घोडी निघाली तेव्हा दोघांचे आवाज बदलले. घोडी म्हणजे दोन बाजूंनी पाय असलेली, कशाला न टेकता उभी राहणारी शिडी. रंगारी तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतो आणि खाली न उतरता, कंबरेला झटके देत, तिलाच पुढे चालवतो. पाहणाऱ्याला ती कसरत वाटते. पण कामाची पद्धतच ती.

मामा : घोडी चालवता आली नाही तो रंगारी नव्हे.

भाची : तुमचा तो पोरगा घोडी चालवतानाच पडला ना?

मामा : तो पडला प्लास्टिकवरनं. टाइल खराब होऊ नये म्हणून घरमालकिणीनं कागद अंथरायला लावला होता. घोडीचा एक पाय त्याच्यावर गेला. आणि उंची तरी किती? ६ फूट. ६ फुटांवरनं पडून कुणाला काय होतं?

भाची : त्याला काय झालं?

मामा : टाच.

भाची : टाचेचं हाड. शिडीवरून पायांवर पडलेल्या माणसाची हीच मोडतोड डॉक्टर नेहमी बघतात. माणूस वाचतो, पण चालताना आयुष्यभर त्याला ती टाच आठवते. आणि पोरगा डोक्यावर पडला असता तर? ६ फूट म्हणजे दोन मीटरच्या जरा आत. दोन मीटरवरून जमिनीवर येताना वेग ताशी २२ किलोमीटर असतो आणि वेळ लागतो सेकंदाचा दोन-तृतीयांश. त्यातला तिसरा हिस्सा आपण पडतोय हे कळण्यात जातो.

मामा : दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. अर्धा पगार घरी पाठवत होतो, तो उठेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं मला.

भाची : कायद्यानं सांगितलं होतं, मामा. कामावर जखमी झालेल्याची भरपाई मालकानं द्यायची, हे या देशात १९२३ सालापासून आहे. पण मी खर्चाचं विचारत नाहीय. तो उतरून घोडी उचलून का ठेवत नव्हता?

मामा : प्रत्येक हातभर अंतराला उतरायचं?

भाची : हो. बेंबी घोडीच्या दोन खांबांच्या आत राहिली पाहिजे. बेंबी बाहेर गेली की घोडी जाणार. हात पुरेना झाला की उतरायचं, घोडी सरकवायची, चढायचं. आणि घोडीच्या अगदी वरच्या फळीवर बसायचंही नाही, उभं राहायचंही नाही.

मामा : एका खोलीत वीस-पंचवीस वेळा तरी उतरावं लागंल. दिवसाला दोन खोल्या निघतात तिथं एक निघंल. त्या पोराची मजुरी कोण भरणार?

भाची : त्याला तुम्ही हजेरीनं पैसे देता की उक्त्यानं?

मामा : ...उक्त्यानं. सगळेच देतात. खोलीला इतके.

भाची : म्हणजे तो उतरला की त्याच्या खिशातून पैसे जातात. तुम्ही त्याला कितीही वेळा सांगा ‘सावकाश कर’, तुमचा दर त्याला सांगतोय ‘उतरू नकोस’. तो तुमचं ऐकेल की दराचं?

मामांनी चहाचा कप बाजूला सरकवला. माझ्या मते संपूर्ण बोलण्यातला हा सगळ्यात जड प्रश्न होता, आणि भाचीने तो विचारला ते बरं झालं. पण मामा असे सहजी सापडणारे नव्हेत.

मामा : आता माझं ऐक. तुमच्या फाउंड्रीचं शेड रंगवायचं टेंडर निघालं होतं. मी गेलो होतो. गेटवर मला बूट घालायला लावले, हेल्मेट दिलं, अर्धा तास टीव्हीवर पिक्चर दाखवला, पाच कागदांवर सह्या घेतल्या. चांगलं केलं. मग शेडमध्ये बघतो तर काय, तुमची मेंटेनन्सची माणसं त्या वर उचलणाऱ्या मशीनवर उभी राहून दिवे बदलतायत. कठडा आहे, बेल्ट आहे. मी तुमच्या साहेबांना म्हणलं, ते मशीन आम्हाला मिळंल का? साहेब म्हणाले, ठेकेदारानं स्वतःची साधनं आणायची.

भाची : हं.

मामा : म्हणलं ठीक आहे, मग परांची बांधतो, तिचे वेगळे पैसे लावा. तर म्हणाले, चौरस फुटाला एकच दर सांगा, सगळं धरून. मी परांची धरून दर दिला. काम कुणाला गेलं?

भाची : सगळ्यात कमी दराला.

मामा : आणि तो कशावर चढला?

भाची : शिडीवर.

मामा : त्याच्या सह्या होत्या पाच कागदांवर. उद्या तो पडला असता तर तू फाइल काढून दाखवली असतीस, बघा, आम्ही याला शिकवलं होतं, याची सही आहे. माझा दर माझ्या पोराला उतरू देत नाही, हे खरं. पण तुझ्या कंपनीचा दर मला उतरू देतो का?

भाची : नाही देत.

मामा : मग?

भाची : मग काही नाही. तुमचं बरोबर आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ३२ होतं, पडण्याजोग्या उंचीवर काम असेल तर कठड्यानं किंवा दुसऱ्या मार्गानं सोय करायची. ती जबाबदारी कारखान्यावर टाकली होती, रंगाऱ्यावर नाही. त्यात ‘शक्य तितपत’ असेही शब्द होते.

मामा : त्या शब्दांच्या आडोशालाच माझी शिडी उभी असती.

भाची : शिडीसाठी आपल्याकडे १९९१ सालचं भारतीय मानकही आहे, आयएस ३६९६चा दुसरा भाग. किती खरेदी विभागांनी उघडून बघितलंय, ते विचारू नका.

मामा : तुमच्याकडचा एकच नियम मला मनापासून आवडला. सांगू? वरनं ती मोठी क्रेन फिरती ना, ईओटी. मागं एकदा तिच्या रुळाजवळचे दिवे बदलायला शिडी लावली होती. तुमच्या माणसानं क्रेनचा मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, तुम्ही खाली उतरून ही परत देईपर्यंत क्रेन हलणार नाही. किल्ली माझ्या खिशात. प्रॉडक्शनचा मॅनेजर दोनदा येऊन विचारून गेला, किती वेळ. मी म्हणलं, अजून आहे.

भाची : तो नियम आणायला आम्हाला खूप भांडावं लागलं होतं.

मामा : कारण तो वरच्या माणसाला बांधत नाही, खालच्याला बांधतो. तुमचे बाकीचे नियम सगळे चढणाऱ्याला. हेल्मेट घाल, बेल्ट लाव, मोबाइल ठेव, दोन पाय एक हात कायम शिडीवर ठेव. त्यात एक रुपया कुणाचा खर्च होत नाही. कुलपात त्यांचं उत्पादन थांबलं, म्हणून तो खरा नियम.

मामांच्या या वाक्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. जवळजवळ अशासाठी, की एका गोष्टीत ते सोयीस्कर विसरले. त्यांच्या पोरांच्या दृष्टीने ‘खालचा माणूस’ तेच आहेत. भाचीला ते सुचलं, पण तिने लगेच बोलून दाखवलं नाही. ती बेल्टकडे वळली.

भाची : बेल्ट फुकटचा नसतो, मामा. पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, कारण बेल्ट घेतला की सगळ्यांना वाटतं काम झालं. आमच्याकडे एका ठेकेदारानं पोरांना फुल बॉडी हार्नेस दिले होते. नवे कोरे. पोरं हूक कुठं लावत होती? शिडीच्याच दांड्याला.

मामा : शिडी पडली तर सोबतच पडणार.

भाची : आणि समजा वरच्या गर्डरला लावला. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा तुकडा उलगडतो तो आणखी मीटरभर, खाली लोंबकळणारा माणूस. हूक जिथं आहे त्याच्याखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. चार मीटरवर काम करणारा माणूस तो हार्नेस घालून जमिनीवर आपटेल, मग दोरी ताठ होईल. आखूड दोरी, मागे ओढून घेणारी, ती वेगळी मिळते. हे गेटवर बूट तपासणाऱ्याला कोण सांगणार?

मामा : मग शिडी बंदच करा की. सगळ्यांना मशीन द्या.

भाची : बंद कुणीच केलेली नाही. ब्रिटनमध्ये २००५ सालापासून उंचीवरच्या कामाचे कडक नियम आहेत, तिथंही शिडी चालते. थोड्या वेळाचं, हलकं काम असेल तर. एका जागी सलग अर्ध्या तासाच्या आत, हातात १० किलोंच्या आत, असा त्यांचा ढोबळ अंदाज आहे. दिवा बदलायला शिडी. पूर्ण भिंत रंगवायला नाही. आधी विचार करायचा की वर चढायलाच हवं का.

मामा : लांब काठीला रोलर लावून आम्ही छत जमिनीवरनंच मारतो की. त्याला कायदा लागला होय?

भाची : नाही लागला. वेळ वाचतो म्हणून तुम्ही ते केलं. सुरक्षितता जिथं वेळ वाचवते तिथं ती आपोआप येते. मला पगार मिळतो तो जिथं ती वेळ खाते तिथल्यासाठी.

मामा : छताच्या कडेची पट्टी मात्र रोलरनं होत नाही. तिथं ब्रशच लागतो, आणि घोडीच.

भाची : मग तेवढ्यापुरती घोडी. पण चालवायची नाही.

मामा : परत तिथंच आलीस.

भाची : येणारच. तुम्ही म्हणालात, चढणाऱ्याला बांधणारा नियम खोटा, खालच्याला बांधणारा खरा. तुमच्या पोरांच्या खाली कोण उभं आहे?

मामांनी खिशातला पेन काढला. राजारामपुरीतल्याच एका सोसायटीचं कोटेशन द्यायचं होतं, तीन मजले, बाहेरचा रंग आणि जिन्याचा आतला. कोरं लेटरहेड समोर होतं. पुढचं बोलणं त्या कागदावर वाकूनच झालं, आणि ते नियमांपेक्षा बाजारातल्या घासाघिशीच्या जास्त जवळचं होतं. मला ते आवडलं. सुरक्षेचा निर्णय खरोखर कुठे होतो हे त्यात दिसतं, आणि तो शिडीच्या पायथ्याशीही होत नाही. त्याच्या आठवडाभर आधी, दर लिहिताना होतो.

मामा : बाहेरनं परांची. तिचं भाडं आणि बांधणी वेगळ्या ओळीत लिहितो. सेक्रेटरी म्हणणार, दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये ही ओळ नाही.

भाची : मग विचारा, तो वर कशानं जाणार आहे? लेखी घ्या. सोसायटीच्या सभेत वाचून दाखवा. आणि आमच्या टेंडरमध्ये मी तेच करणार आहे, उंचीवरच्या साधनांची ओळ वेगळी आणि सगळ्यांना सारखी. त्या ओळीत स्पर्धा नाही. पुढच्या महिन्यात खरेदी विभागाबरोबर बैठक आहे.

मामा : ऐकतील?

भाची : पहिल्यांदा नाही ऐकणार. किल्लीचंही नव्हतं ऐकलं.

मामा : बरं. जिन्यात काय करू? तिथं परांची बसत नाही. पायऱ्यांवर घोडीचे पाय खालीवर होतात, खाली विटा लावतो आम्ही.

भाची : विटा नाही, मामा! पाय कमीजास्त लांब होणारी शिडी मिळते. नाहीतर जिन्यात पायरीवर बसणारा फळ्यांचा ओटा तुमचा सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. एकदा केला की दर जिन्याला उपयोगी.

मामा : सुताराचे पैसे लिहू?

भाची : लिहा.

मामा : आणि पोरांचं... असं करतो. १० फुटांच्या वरचं सगळं काम हजेरीनं. खालचं उक्त्यानं. दोन्ही वेगवेगळं मोजायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप, पण चालंल.

भाची : टाच मोडली तो ६ फुटांवर होता.

मामा : आठ कर.

भाची : सहा.

मामा : अगं, सहाच्या वर म्हणजे सगळंच आलं. माणूस स्वतःच साडेपाच फुटांचा असतोय. मग उक्त्यात राहतंय काय?

भाची : हात पुरतो तिथपर्यंतचं. पाय जमिनीवर ठेवून जेवढं होतं तेवढं उक्त्यानं द्या, कितीही घाई करू दे. पाय जमिनीवरून उचलला की हजेरी.

मामांनी दोन वेळा बेरीज केली. दर वाढतच होता. हे काम त्यांच्या हातून जाऊ शकतं, आणि कमी दराने घेणारा दुसरा ठेकेदार त्याच भिंतीवर तीच शिडी लावू शकतो, हे दोघांनाही कळत होतं. मामा ते बोलूनही गेले. भाचीकडे त्याला उत्तर नव्हतं, तिने तसं सांगितलं. मग मामांनी १०चा आकडा खोडला, त्याच्या शेजारी ८ लिहिला, तिच्याकडे बघितलं, तोही खोडून ६ केला.

भाची : आणि घोडी चालवायची नाही, हे?

मामा : ते कोटेशनमध्ये लिहीत नसतात. पोरांना मी तोंडी सांगतो.

भाची : तोंडी तर आधीही सांगत होता.

मामा : आधी उक्तं होतं.